खोबरेल, मुठेल आणि तपकिरी गोळी

कोकणी बोलण्यात तेलाला शेपूट असतं. खोबऱ्याचं ते खोबरेल, करंजाचं करंजेल, उंडीचं उंडेल, भिरंडाचं भिरंडेल. ‘तेल’मधला ‘त’ गळून जातो आणि उरलेलं ‘एल’ बीच्या नावाला चिकटतं. इतकी नावं लागली, कारण कामं वेगळी होती. खोबरेल डोक्याला आणि अंगाला, करंजेल खरजेला, उंडेल दिव्याला आणि धरलेल्या सांध्यांना. टाचा उलल्या, ओठ फुटले, हातापायांना भेगा पडल्या, की मुठेल.

मुठेल म्हणजे भिरंडाच्या, म्हणजेच कोकमाच्या, बियांचं तेल. त्याला तेल म्हणायचं ते नावापुरतंच. ते घट्टच असतं, मेणाच्या गोळ्यासारखं. कोकमाच्या फळांचा, रातांब्यांचा, हंगाम एप्रिल-मेचा. साली आमसुलांसाठी वाळत पडतात, रस आगळासाठी जातो आणि खाली उरतात त्या बिया. त्या धुऊन, खडखडीत वाळवून, फोडून आतला गर उखळात कुटायचा, पाण्यात घालून भरपूर उकळायचा. वर तवंग येतो. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर पांढुरकी साय धरलेली असते. ती काढून पुन्हा वितळवायची, गाळायची आणि निवत आली की मुठीत दाबून तिचे लांबट गोळे करायचे. मुठीतलं तेल, म्हणून मुठेल. गोळ्यावर वळणारीच्या बोटांच्या खुणा राहतात.

हा उद्योग बायकांचा, तोही पाऊस तोंडावर आलेला असताना, बेगमीच्या हजार कामांमधला. त्यामुळे त्याच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. नोंद झाली ती साहेबांच्या पुस्तकात. एडवर्ड वेअरिंग यांनी संपादित केलेला हिंदुस्थानचा अधिकृत औषधकोश १८६८ साली निघाला, त्यात कोकमाच्या तेलाला जागा मिळाली. मलमं बनवायला लागणारा घट्ट, न खवटणारा स्निग्ध पदार्थ विलायतेहून आणण्यापेक्षा इथलाच वापरावा, असा त्यामागचा सरकारी हिशेब. पुढे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर या दोघांसह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यातही हे गोळे आणि भेगांवरचा त्यांचा उपयोग येतो. कोकणातल्या माजघरातली वस्तू अशी इंग्रजी-लॅटिन नावं लावून दवाखान्याच्या फडताळात जाऊन बसली.

समुद्राकाठच्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या मुलखात कोरड्या कातडीचा एवढा बंदोबस्त कशाला, असं घाटावरच्या माणसाला वाटेल. पण पावसाळाभर अनवाणी चिखलात उभं राहून लावणी केलेला पाय आधी चिखल्यांनी सडतो आणि मग पौषात, घाटाकडून कोरडा वारा सुटला की, जांभ्याच्या खरखरीत कातळावर चालताना उलतो. जळवाताच्या भेगांत माती शिरते आणि पाऊल टेकवणं अवघड होतं. धडधाकट माणसाचं हे असं. ज्याच्या पायाला दुखणं कळतच नाही त्याची गत वेगळी होती, आणि रत्नागिरी जिल्ह्यात अशी माणसं पुष्कळ होती.

त्या रोगाला लोक महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. शिवीसारखाही तो शब्द वापरला जाई. कुष्ठरोग हा शब्द सरकारी कागदांतून सगळीकडे रुळला तो बराच नंतर. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही मोठा भाग येई. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या महारोग्यांची चर्चा निघाली की कोकणचं नाव येईच. रत्नागिरी शहरात १८७०च्या दशकात महारोग्यांसाठी वेगळं रुग्णालय उभं राहिलं, ते गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. त्याच शहरात १८८६ साली मनोरुग्णालय सुरू झालं आणि त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इथे नजरकैदेत आला. मुंबईच्या सरकारला जे नजरेआड ठेवायचं होतं ते बोटीनं रत्नागिरीला पाठवायचं, अशी ही रीत दिसते.

थिबाच्या राजवाड्याला आज पर्यटक जातात. महारोग्यांच्या रुग्णालयाचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही.

त्या काळी रोगाचं कारण ठाऊक नव्हतं. खाण्यातून होतो, रक्तातून येतो, पापातून येतो, अशी मतं होती, आणि कोकणात तर वाशेळ्या मासळीवरही आळ होता. नॉर्वेत गेरहार्ड हॅन्सन यांना १८७३ साली रोग्यांच्या गाठींमध्ये जंतू दिसले. त्याच वर्षी तिकडे जाऊन ते काम पाहून आलेले हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर. कार्टर म्हणजे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध पुस्तकातल्या चित्रांचे चित्रकार. १८५८ची ती चित्रं काढून ते हिंदुस्थानात आले आणि साताऱ्याला सिव्हिल सर्जन असताना महारोगाच्या मागे लागले. कातडीखालची मज्जातंतूंची दोरी या रोगात जाड होते, हे त्यांनी शवविच्छेदन करून, चित्रं काढून दाखवलं. कोरड्या कातडीचं मूळ त्या दोरीतच होतं, पण ते उलगडायला अजून वेळ होता.

तोवर औषध एकच होतं, आणि तेही तेलच.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ओढ्यांच्या काठानं कडूकवठीची झाडं असतात. फळ टेनिसच्या चेंडूएवढं, कठीण कवचाचं, आत तेलकट बिया. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या झाडाचं वर्णन आहे. ते पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत वाढतं असं तिथे सांगितलं आहे आणि त्याच्या बियांचं तेल कुष्ठावर पोटातूनही द्यायचं, अंगालाही चोळायचं, असा विधी दिला आहे. हा तुवरक म्हणजे आपली कडूकवठ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. संहितेला पश्चिम किनाऱ्याचा पत्ता माहीत होता, पण आधुनिक वैद्यकाला या घराण्यातलं तेल भेटलं ते उलट्या दिशेनं. १८५४ साली कलकत्त्यात फ्रेडरिक मौआट यांनी पूर्वेकडच्या जंगलातल्या चालमोगऱ्याचा प्रयोग छापला आणि चालमोगरा हेच नाव जगभर झालं.

कोकणच्या कवठीला वर आणलं ते डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले, पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ, शिलालेखांचे वाचक, नाण्यांचे संग्राहक. १८६०च्या दशकात त्यांनी महारोग्यांवर एका तेलाचे प्रयोग सुरू केले आणि पुष्कळ रोग्यांना आराम पडल्याची चर्चा शहरभर झाली. तेल कशाचं हे मात्र त्यांनी उघड केलं नाही. पुरती खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्यांचा बाणा असावा. टीकाकारांना त्यात वैद्याची गुप्तविद्या दिसली. १८७४ साली पक्षाघातानं खंगून भाऊ दाजी गेले आणि प्रयोग अर्धवट राहिला. ते तेल कवठीचं होतं हे नंतर सर्वांच्या लक्षात आलं. आज भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. कातडीच्या वैद्यकात मात्र ते नाव फारसं घेतलं जात नाही, आणि हा अन्यायच म्हटला पाहिजे.

कवठीचं तेल पोटात गेलं की मळमळे, उलट्या होत. घोट घेणं ही शिक्षाच वाटे. विसाव्या शतकात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी कलकत्त्यात त्याची इंजेक्शनं रूढ केली. मग उलटीची जागा दुखऱ्या गाठींनी आणि गळवांनी घेतली. तरी दर आठवड्याला लोक रांगेत उभे राहत, कारण दुसरं काहीच नव्हतं. या तेलानं नक्की किती लोक बरे झाले याबद्दल आजचे तज्ज्ञ हात राखून बोलतात. रोग आपोआपही थांबतो, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? एक गोष्ट मात्र खरी, की उपचाराच्या निमित्तानं रोज कुणीतरी त्या कातडीला तेल चोळत होतं. हा लाभ औषधाच्या खाती कुणी मांडला नाही.

मुंबईत या रोग्यांसाठी मोठी जागा झाली ती १८९० साली, माटुंग्याला. म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी रस्त्यावरच्या महारोग्यांसाठी वर्गणी जमवून ती उभारली. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे जमवून १८९१ साली छापणारे साहेब. पोवाडे आणि महारोगी यांच्यासाठी एकाच माणसानं इतकी खटपट करावी, हा योगायोग मराठी वाचकानं विसरू नये. गिरण्यांत आणि गोदीत काम करायला बोटीनं गेलेला कोकणचा माणूस आजारी पडला की एक तर परत गावी येई, नाही तर मुंबईच्या फुटपाथवर राही. पुढे १८९८ साली सरकारनं महारोग्यांचा कायदाच केला. भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून कोंडण्याची मुभा देणारा तो कायदा देशाच्या पुस्तकातून पुसला गेला तो थेट २०१६ साली.

आता कार्टर यांनी दाखवलेल्या मज्जातंतूंच्या त्या दोरीकडे वळायला हवं. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत घर करतो. स्पर्श, उष्णता आणि वेदना सांगणारे तंतू मरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्यासोबत घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे बारीक तंतूही मरतात. मग तळवा घामेजत नाही. घाम हा आपल्याला त्रास वाटतो, पण पायाच्या जाड कातडीला लवचीक ठेवणारं पाणी तेच. ते थांबलं की तळवा लाकडासारखा होतो, चालताना वाकायच्या जागी चिरतो. चीर पडली तरी दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. चिरेत माती, मातीतून जंतू, मग जखम, मग हाडाला सूज. बोटं झडतात ती अशी. रोग बोटं खातो हा समज चुकीचा आहे, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकानं पटवून दिलं. कोल्ली टेकड्यांत जन्मलेले ब्रँड रोग्यांच्या हातापायांवरच्या प्रत्येक जखमेचा माग काढत, तिचं कारण शोधत. बहुतेक वेळा ते क्षुल्लक निघे. तापलेली कपबशी, टोचणारा खिळा, आणि कोरडी पडून फाटलेली कातडी.

त्याच सुमारास गोळी आली. अमेरिकेत कारव्हिल इथे गाय फॅगेट यांनी १९४१ साली सल्फोन जातीचं प्रोमिन वापरून पाहिलं. त्यातून डॅप्सोन पुढे आलं. स्वस्त, तोंडानं घेण्याजोगं, पोटात टिकणारं. तेलाच्या इंजेक्शनांची रांग पाहता पाहता ओसरली. १९५५च्या सुमारास राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात सायकलवरून गावोगाव फिरणारे कर्मचारी चट्टे तपासू लागले. गोळी वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यायची होती. ती मध्येच सोडणारे सोडत आणि जंतूही शहाणे होत गेले. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात हे मलेशियात सुंगई बुलो इथे १९६४ साली सिद्ध झालं.

म्हणून गरज पडली ती दुसऱ्या औषधाची. ते औषध आधीच तयार होऊन पडलेलं होतं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. सुरुवात झाली होती दगडफुलातल्या एका द्रव्यापासून, आपण मसाल्यात घालतो तशाच प्रकारचं दगडफूल. १९५४ साली त्यांनी बी ६६३ नावाचं एक रसायन बनवलं. मुळात तो एक रंगच होता, लालभडक. माणसाच्या क्षयावर त्या काळी तो चालला नाही. १९६२च्या सुमारास नायजेरियात ब्राउन आणि होगर्झाइल यांनी तो कुष्ठरोग्यांना दिला आणि तो चालला. हेच क्लोफाझिमिन.

रंग तो रंगच. क्लोफाझिमिन शरीरातल्या चरबीत आणि कातडीत साठून राहतं. आधी कातडी लालसर होते, मग तांब्यासारखी, मग काळपट. वाईट भाग असा, की रोगाचे चट्टे जिथे आहेत तिथेच रंग अधिक चढतो. माणूस आतून बरा होत असतो आणि गावाला दिसणारा त्याचा चट्टा मात्र गडद होत असतो. जोडीला कोरडेपणा. घाम आणखी कमी होतो, डोळेही कोरडे पडतात, नडग्या आणि हात यांच्यावरची कातडी खवल्याखवल्यांची होते. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला माशावरूनच नाव दिलं आहे. रत्नागिरीत ती उपमा कुणाला समजावून द्यावी लागत नाही. सुरमई आणि बांगड्याचं अंग गुळगुळीत, पण तांबोशाचे खवले काढताना सुरी कशी चालते, तशी ती कातडी हाताला लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. राष्ट्रीय कार्यक्रमाचं नाव १९८३ साली नियंत्रणावरून निर्मूलन झालं आणि हा उपचार टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांत पोचला. अठ्ठावीस दिवसांचं पाकीट. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर गिळायची रिफाम्पिसिनची कॅप्सूल आणि क्लोफाझिमिनचे ३०० मिलिग्रॅम, मग रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५० मिलिग्रॅम. जास्त जंतू असलेल्या रोग्याला सुरुवातीला निदान दोन वर्षं आणि १९९८ नंतर एक वर्ष. त्या पाकिटानं जग बदललं. जन्मभराचं दुखणं वर्षात संपू लागलं. डिसेंबर २००५ मध्ये भारतात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रोगी उरल्याचं जाहीर झालं.

पाकिटातली तपकिरी कॅप्सूल मात्र घराघरांत भांडणं लावी. रिफाम्पिसिननं लघवी लाल होते, ती रक्ताची वाटून पहिल्याच दिवशी घाबरलेला माणूस दवाखान्यात धावत येई. त्याची समजूत काढणं सोपं, कारण दुसऱ्या दिवशी रंग जाई. काळवंडलेल्या तोंडाचं काय करायचं? लग्नाची मुलगी असेल तर? औषध थांबल्यावर रंग ओसरतो, पण कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. कुष्ठरोग कार्यक्रमात काम केलेले लोक सांगतात, की उपचार सोडण्यामागे रोगापेक्षा हा रंग आणि ही खाज अधिक असे. चट्टा दुखत नव्हता, कोरडी कातडी खाजत होती. मग औषध कुणाला चांगलं वाटणार?

म्हणून कोरडेपणाचा इलाज ही बाजूची गोष्ट राहिली नाही. गोळीच्या बरोबरीनं तो शिकवावा लागला. शिकवण अगदी साधी होती आणि तिचा क्रमच महत्त्वाचा होता. बादलीत साधं पाणी घ्यायचं, पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून बसायचं. फुगलेली जाड कातडी वजरीनं हलक्या हातानं घासायची, ब्लेड लावायचं नाही. मग पाय पुसून कोरडे करण्याऐवजी नुसते निथळू द्यायचे आणि ओलसर असतानाच वर तेल चोळायचं. तेलात पाणी नसतं. कोरड्या कातडीवर नुसतं तेल चोपडलं तर ती चकाकते, पण मऊ होत नाही. आधी पाणी आत गेलं पाहिजे, मग तेलानं दार लावलं पाहिजे. कोकणातल्या म्हाताऱ्यांना यातलं निम्मं ठाऊकच होतं. अंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलं असताना खोबरेलाचा हात फिरवायची सवय जुनी आहे.

कोणतं तेल, यावर पुस्तकं हट्ट धरत नाहीत. गावात जे मिळतं ते. दवाखान्यातून कधी व्हॅसलीन मिळे. रॉबर्ट चेझब्रो यांनी अमेरिकेत १८७२ साली पेटंट घेतलेली ती खनिज चरबी पाणी रोखण्यात वनस्पतींच्या तेलांहून सरस आहे, हे कबूल करायला हवं. पण डबी संपली की संपली. करंजेलाचा वास अंगाला येतो आणि अंगाला येणारा वेगळा वास हा रोग्याला परवडत नाही, लोक लगेच ओळखतात. खोबरेल सगळ्यांच्याच घरात, कुणाला संशय येत नाही. मुठेल घट्ट असल्यानं भेगेत भरून राहतं, चालताना लगेच पुसलं जात नाही. त्यातली बहुतेक चरबी स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची आहे, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही आणि वर्षभर फडताळात टिकतं. जुन्या औषधकोशांनी मलमासाठी ते निवडलं ते याच गुणासाठी.

जोडीला सरकारी मऊ रबराच्या चपला आल्या. एमसीआर चप्पल या नावानं त्या ओळखल्या जातात. सुरुवातीच्या चपला इतक्या एकसारख्या असत की त्या पायात दिसल्या की गाव समजून जाई. पुन्हा तोच पेच. कातडी वाचवायचा जो उपाय, तोच बोट दाखवणारा. काही जण त्या शेतावर घालत आणि बाजाराला जाताना घरी ठेवत.

एक जोडगोळी इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बहुविध उपचाराचा अहवाल छापून आला ते साल १९८२. त्याच साली अमेरिकेत मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाला मान्यता मिळाली. तेही कातडी सुकवतं, पण निराळ्या वाटेनं. ते कातडीतल्या तेलाच्या ग्रंथीच आक्रसून टाकतं. ओठ फुटणं हा त्याचा इतका हमखास परिणाम, की ओठ फुटले नाहीत तर डॉक्टर गोळी घेतली का असं विचारतात. आज रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या पिशवीत ओठांना लावायची कांडी असते ती पुष्कळदा याच गोळीपायी. गरोदरपणात ती गोळी पूर्ण वर्ज्य, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्याही नडग्या हिवाळ्यात खाजतात. त्यांना कुणी वाळीत टाकत नाही, एवढाच फरक. कोरडी कातडी तीच, लाज मात्र रोगानुसार ठरते.

ओठांच्या त्या कांड्यांची घटकद्रव्यं वाचली तर गंमत दिसते. कोकम बटर या नावानं मुठेल तिथे परत आलं आहे. विलायती साबण, मलमं, चॉकलेटं यांच्यासाठी त्याला मागणी आहे. दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणच्या फळझाडांवर काम करतं. त्यानं कोकमाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या. हातीस हे रत्नागिरी तालुक्यातलंच गाव. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मात्र लक्ष सगळं सालीवर. आमसूल, आगळ, सरबत. बी अजूनही पुष्कळ ठिकाणी उकिरड्यावर जाते, कारण कुटणारे हात उरले नाहीत. ज्या घरात मुठेल वळत त्या घरात आता ते विकत आणतात, बाजारात त्याचे गोळे मिळतात, आणि काही गोळ्यांवर बोटांच्या खुणांऐवजी साच्याची सरळ रेघ असते.

कुष्ठरोग संपलेला नाही. तीस जानेवारीच्या आसपास गावोगाव जागृतीची मोहीम होते, आशाताई घरोघर फिरून चट्टे विचारतात. कमी जंतू असलेल्या रोग्यांनाही तिन्ही औषधं द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सुचवलं आणि भारतानं २०२५ पासून ते अमलात आणलं. पूर्वी अशा रोग्यांना सहा महिने दोनच औषधं मिळत, तपकिरी कॅप्सूल त्यांच्या वाट्याला येत नसे. आता येते. म्हणजे एखाददुसऱ्या फिक्या चट्ट्यावर भागणाऱ्या माणसालाही काही काळ कातडीचा रंग आणि खवले सांभाळावे लागणार, आणि आशाताईंच्या पिशवीत गोळ्यांच्या पाकिटाबरोबर बादलीची आणि तेलाची गोष्टही असावी लागणार.

त्या गोष्टीत एक कलम असं आहे की जे कोकणातल्या घरी विसरून चालत नाही. मुठेल चाळीस अंशांच्या जवळपास वितळतं. पौषातल्या थंडीत ते दगडासारखं असतं, म्हणून पळीत घेऊन चुलीवर धरायचं, वितळलं की भेगेत सोडायचं, ही जुनी रीत. धडधाकट माणूस चटका बसला की पाय मागे घेतो. कुष्ठरोग्याच्या तळव्याला तो चटका कळत नाही, आणि पुष्कळदा त्याच्या बोटांनाही नाही. म्हणून कर्मचारी सांगतात, की पाणी असो वा तेल, स्वतः अंदाज घ्यायचा नाही. चुलीपाशी पळी उतरवली की घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, बायकोनं, सुनेनं, नातवानं, आधी आपलं बोट त्यात बुडवून बघायचं.